निवृत्तीनंतर बंदिशकार व्हायचंय? मग कवितांची वही आधी बाजूला ठेवा

निवृत्त झालेली, गाण्याची समज असलेली माणसं बंदिशी (राग-तालात बांधलेल्या छोट्या गेय रचना) रचायला घेतात तेव्हा बहुतेकांचा क्रम असा असतो: आधी कविता, मग तिला शोभेलसा राग, मग ताल, मग एखाद्या छापखान्यातून पुस्तिका, मग प्रकाशन समारंभ. शाल, श्रीफळ, फोटो. नंतर त्या पुस्तिकेतली एकही बंदिश कोणी गात नाही, आणि लेखक म्हणतो, 'हल्ली नव्याची कदर नाही.'

कदरीचा प्रश्न नंतरचा. आधी क्रम चुकलेला असतो. बंदिश कवितेपासून सुरू होत नाही, ती समेपासून, म्हणजे तालाच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपासून सुरू होते. आणि ती वहीत पूर्ण होत नाही, दुसऱ्याच्या गळ्यात होते. खालचे टप्पे या दोन गोष्टी धरून लावले आहेत. लेख ख्यालाच्या बंदिशीबद्दल आहे. अभंग, भावगीत, नाट्यपद यांचा उल्लेख पैशांच्या टप्प्यात येईल. निदान पाच-सात वर्षं शिकलेला, तीनताल हातावर धरता येणारा वाचक मी गृहीत धरलाय. तेवढं झालं नसेल तर आधी गुरू शोधा.

## टप्पा १ : कान, गळा आणि वेळ तपासून घ्या

पहिली भेट संगीतशिक्षकाची नव्हे, कानाच्या डॉक्टरांची. साठीच्या आसपास वरच्या कंपनांचं ऐकू येणं हळूहळू कमी होतं आणि ते स्वतःला कळत नाही, कारण बोलणं नीट ऐकू येत असतं. पण जवारी (घोडीवर तारेला गुंजवणारी जागा) नीट लावलेल्या तानपुऱ्यातून जो वरचा झंकार निघतो, तो त्याच पट्ट्यात असतो. श्रवणचाचणीचा आलेख काढून घ्या. कमतरता निघाली तर रचना करणं थांबत नाही. फक्त तानपुरा लावणं आणि ध्वनिमुद्रण तपासणं ही दोन कामं दुसऱ्या कानावर सोपवायची.

गळ्याचं म्हणाल तर कॉलेजातली पट्टी (पेटीवरची तुमच्या 'सा'ची जागा) विसरा. काळी दोनमध्ये गाणारे गृहस्थ आज पांढरी एकमध्ये सुखात असतील, तर तीच तुमची पट्टी. ओढून गायलेल्या पट्टीत रचलेला अंतरा (बंदिशीचा दुसरा, वर चढणारा भाग; पहिला तो स्थायी) नेहमी आखडलेला येतो, कारण रचणारा तार षड्जाला घाबरत असतो.

वेळ: सकाळचा दीड-दोन तासांचा एकच सलग तुकडा, रोज. दुपारी रचना करायला बसू नका; जेवणानंतर सगळ्याच चाली छान वाटतात.

तपासा: तानपुऱ्यावर भूप आणि देसकार हे दोन्ही राग पाच-पाच मिनिटं आलापून ध्वनिमुद्रित करा. आठवड्यानं नाव न पाहता ऐका. कोणता कुठला हे तुम्हालाच कळत नसेल, तर टप्पा ३ वर सहा महिने जास्त घाला.

## टप्पा २ : सामान

तानपुरा खरा असेल तर उत्तम. आपल्या कोल्हापूरपासून मिरज पन्नासेक किलोमीटरवर आहे. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे जाऊन स्वतः वाजवून घ्या, फोनवर मागवू नका. तुमच्या पट्टीचा तानपुरा हवा हे कारागिराला आधी सांगा. काळी एकसाठी बांधलेल्या वाद्यावर ताण देऊन काळी चार लावलं तर तारा तुटतात, आणि उलट केलं तर ढिल्या तारेत जवारी बोलत नाही.

कोल्हापूरच्या पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. जून ते सप्टेंबर भिंतीला टेकवून ठेवलेल्या तानपुऱ्याचा भोपळा ओल धरतो. खोलीच्या आतल्या बाजूला, जमिनीपासून उचलून, कापडी गवसणीत ठेवा. प्लॅस्टिक गुंडाळू नका, ओल आत कोंडते. रोज लावताना दहा मिनिटं जास्त लागतील, ती धरून चाला.

बाकी यादी छोटी. तबल्याचं अ‍ॅप, ज्यात मात्रांचा वेग आकड्यात दिसतो. पेटी, पण फक्त स्वर पडताळायला. पेटीवर बोटं फिरवून चाल शोधली की ती पेटीचीच चाल होते, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) जाते. फोनवरचा रेकॉर्डर. आणि शाळेतली चौकटीची गणिताची वही, सोळा घरांची ओळ आखून घेतलेली. ही वही सर्वात महत्त्वाची आणि सर्वात स्वस्त.

सावधान: रागात पंचम नसेल तर तानपुऱ्याची पहिली तार पंचमात ठेवू नका. मालकंसाला मध्यम, मारव्याला निषाद. अ‍ॅपमध्येही हा पर्याय असतो, पण बहुतेक जण बदलत नाहीत आणि मग 'मालकंस जमत नाही' म्हणतात.

## टप्पा ३ : जुन्या बंदिशी उसवून पाहा

हा टप्पा वगळणाऱ्यांची संख्या सर्वात मोठी. 'आम्ही विशारद केलंय' हे उत्तर तयार असतं. परीक्षेसाठी पाठ केलेली बंदिश आणि उसवून पाहिलेली बंदिश यांत फरक आहे. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग हाताशी असले तर साहित्य कमी पडणार नाही.

पद्धत अशी. पाच राग घ्या, सगळे रोजचे: यमन, भूप, बागेश्री, बिहाग, सारंग. प्रत्येकात मध्यलय तीनतालाच्या चार आणि झपताल किंवा एकतालाची एक, अशा पाच बंदिशी. प्रत्येक बंदिशीसाठी चौकटीच्या वहीत एक पान. त्या पानावर अर्थ लिहायचा नाही. लिहायचं ते असं:

- मुखडा (समेवर नेणारा, परत परत येणारा सुरुवातीचा तुकडा) कितव्या मात्रेपासून उठतो?
- समेवर कोणता स्वर आहे? रागाच्या वादीशी (मुख्य स्वराशी) त्याचं नातं काय?
- समेवर कोणतं अक्षर आहे? ऱ्हस्व की दीर्घ? आकार, एकार की इकार?
- स्थायीचा सर्वात वरचा आणि सर्वात खालचा स्वर कोणता?
- अंतऱ्यात तार षड्ज कुठे येतो आणि तिथे कोणतं अक्षर आहे?
- अंतऱ्यातून परत मुखड्याकडे येताना शेवटच्या चार मात्रांत काय होतं?

पंचवीस पानं भरली की तक्ता आपोआप बोलायला लागतो. बहुसंख्य मुखडे खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उठतात. तरी पाचव्या, सातव्या, बाराव्या मात्रेपासून उठणारे मध्येच भेटतात आणि त्यांचा झोक निराळा लागतो. समेवरचं अक्षर बहुतेक वेळा लांब, उघड्या तोंडाचं. शब्दाचा अर्थ तिथे संपतोच असं नाही. कितीतरी चांगल्या बंदिशींत सम शब्दाच्या मधोमध पडते. हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तुमच्या रचनेत उतरणार नाही.

कोल्हापुरात बसून हे करण्याचा फायदा आहे. अल्लादिया खाँसाहेबांच्या मुक्कामामुळे जयपूर-अत्रौली गायकी इथल्या घराघरात मुरलेली. एखाद्या जुन्या शिष्यपरंपरेतल्या गुरुजींकडे जाऊन 'गुरुजी, ही चीज तुम्ही कशी म्हणता?' असं विचारलं की पुस्तकातल्या आणि गळ्यातल्या बंदिशीत किती अंतर आहे ते समजतं. समेची जागा तीच, पण आमद (समेकडे येण्याची वाट) वेगळी. दोन्ही वहीत लिहा. देवल क्लब या इथल्या जुन्या संगीतसंस्थेतल्या मैफलींनाही याच नजरेनं जा: पेन खिशात, डोळे तबलजीच्या उजव्या हातावर. टाळ्या नंतर.

तपासा: ओळखीची एखादी बंदिश शब्दांशिवाय, फक्त 'ना ना' म्हणत, हातावर ताल धरून गा. मुखडा तीनदा पाठोपाठ घेऊन तिन्ही वेळा समेवर पोचलात तर पुढे जा.

## टप्पा ४ : राग आणि ताल निवडा (इथे रेंगाळू नका)

पहिल्या दहा बंदिशी रोजच्या रागात, मध्यलय तीनतालात, वेग मिनिटाला सव्वाशे मात्रांच्या आसपास. बस.

कोल्हापूरकर असल्याचा इथे तोटा होतो. जयपूर घराणं म्हटलं की जोडराग आणि अनवट राग डोक्यात बसलेले असतात; पहिल्याच बंदिशीला बसंती केदार किंवा खोकर घेणारे मी पाहिलेत. अनवट रागात चुकलेलं लवकर कळत नाही, कारण बरोबर काय हेच ऐकणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना माहीत नसतं. भूपात चुकलं तर शेजारच्या वहिनीसुद्धा मान हलवणं थांबवतात. शिकायला तेच बरं.

नवा राग बनवण्याचा मोह तर पाच वर्षं पुढे ढकला. विलंबित, म्हणजे संथ लयीतला बडा ख्यालही आत्ता नको. विलंबित बंदिशीत शब्द विरळ असतात, म्हणून ती सोपी वाटते. प्रत्यक्षात तिचा मुखडा चार-पाच मात्रांत सगळा राग सांगतो आणि ते काम शेवटी शिकायचं.

## टप्पा ५ : आधी मुखडा, आधी सम

आता खरं काम. तानपुरा लावा, तबला अ‍ॅपवर तीनताल चालू करा, आणि शब्द नावाची गोष्ट विसरा.

भूप घेऊ. वादी गंधार, संवादी धैवत. समेवर गंधार यावा असं ठरवा. प्रश्न एवढाच उरतो की नवव्या मात्रेपासून सोळाव्यापर्यंतच्या आठ घरांतून गंधारापर्यंत यायचं कसं. 'ना ना' म्हणत दहा-पंधरा वाटा गाऊन पाहा, फोनवर ध्वनिमुद्रित करा. समजा त्यातली ही वाट आवडली (× म्हणजे सम):

९–१२ : ग प ध प
१३–१६ : ग रे सा रे
× १–४ : ग – – प
५–८ : ग रे सा –

गाऊन पाहिलं तर कळेल की ही ओळ गंधारावरून उठते, धैवताला स्पर्श करून उतरते आणि 'सा रे ग' असं वर चढून समेवर येते. समेला खालून वर येणं म्हणजे ऐकणाऱ्याला सम दिसायला लागते. हीच ओळ 'सां ध प ध' अशी उठवून धैवतावर थांबवलीत, तर स्वर तेच पाच राहतील आणि राग देसकार होईल. रचनाकाराला राग असा जपावा लागतो: कोणता स्वर लावला यापेक्षा कुठे थांबलो, याला महत्त्व जास्त.

आता शब्द. समेवर गंधार लांबवायचा आहे, तेव्हा तिथे उघडं, दीर्घ अक्षर हवं आणि शक्य तर ओळीतला वजनदार शब्द. मनात वाक्य आलं: 'वाट जुनी उजळून गेली'. बोलायला ठीक. पण ते आहे तसं घरांत बसवलं तर समेवर 'उ' नाही तर 'गे' येणार. 'उ' ऱ्हस्व, लांबवला की 'ऊजळून' होतो. 'गेली' हा त्या वाक्यातला सर्वात पोकळ शब्द. सगळ्या ओळीनं झेप घेऊन त्याच्यावर उतरायचं म्हणजे जेवणाच्या पंगतीत मुख्य वाढप मिठाचं करण्यासारखं. वाक्य उलटं करा:

९–१२ : उ ज ळू न
१३–१६ : गे ऽ ली ऽ
× १–४ : वा ऽ ऽ ट
५–८ : जु ऽ नी ऽ

'उजळून गेली वाट जुनी'. समेवर 'वा'. आकार, दीर्घ, आणि वाट हीच ओळीतली वस्तू. आठ मात्रांत 'उजळून गेली' ऐकणाऱ्याला विचारायला लावते, काय उजळलं? आणि सम उत्तर देते. मराठीत शब्दांची जागा बदलता येते, ही सोय बंदिशकारानं पुरेपूर वापरावी.

कविता आधी लिहून आणणाऱ्याला ही उलटापालट करवत नाही. त्याचं यमक मोडतं, वृत्त मोडतं, जीव तुटतो. म्हणून वही बाजूला ठेवा म्हटलं.

सावधान: मुखडा लांबला तर गाणाऱ्याला अडचण होते. आलाप-तान संपवून तो मुखड्यावर येतो तेव्हा नेमक्या मात्रेला पहिला शब्द पकडावा लागतो. पहिलं अक्षर जोडाक्षर नको, अर्धवट स्वर नको. 'स्पष्ट', 'दृष्टी', 'प्राक्तन' असे शब्द मुखड्याच्या सुरुवातीला आले की तानेवरून येणारा गायक अडखळलाच.

तपासा: फक्त मुखडा वीस वेळा गा. विसाव्या वेळी कंटाळा आला तर मुखडा टाकून द्या. मैफलीत तो पन्नास वेळा येणार आहे.

## टप्पा ६ : भाषा ठरवा

ब्रज की मराठी? दोन्ही चालतात, पण अर्धवट ब्रज चालत नाही. मराठी माणसाची ब्रज म्हणजे 'मोरा', 'तोरा', 'पिया', 'सैंया' आणि मध्येच मराठी लिंग. 'मोरा अखियाँ' असं लिहिलेलं मी वाचलंय. अंगणात सासू-नणंद नसलेल्या, आयुष्यभर वीज मंडळात नोकरी केलेल्या माणसानं 'सास ननदिया' का लिहावं, हाही प्रश्न आहेच. ब्रज लिहायचीच तर निदान वर्षभर सूर-मीरेची पदं वाचून काढा आणि हिंदीच्या जाणकाराला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मराठीची अडचण वेगळी. आपली जोडाक्षरं द्रुत लयीत अंगावर येतात आणि ओळीच्या शेवटी येणारे 'त', 'च', 'ट' स्वर तोडतात. 'ळ' मात्र गाताना गोड लागतो, त्याला घाबरू नका. ओळ लिहिली की नुसती स्वरांची माळ काढा: 'उजळून गेली वाट जुनी' म्हणजे उ-अ-ऊ-अ, ए-ई, आ-अ, उ-ई. जिथे लांबवायचंय तिथे आ, ए किंवा ओ आहे का ते पाहा.

शब्द थोडे ठेवा. स्थायी दोन ओळी, अंतरा दोन ओळी, त्यापुढे नको. जिथे शब्द संपतात तिथे गायकाला बढतीला, म्हणजे राग फुलवायला जागा मिळते.

## टप्पा ७ : अंतरा

अंतऱ्याचं काम तार षड्ज दाखवून परत येणं. भूपात 'ग ग प, सां ध सां' ही वहिवाटीची चढण; पहिल्या रचनेत तीच घ्या. समजा अंतऱ्याची ओळ सुचली, 'पाय थकले, सूर न थकला'. समेवर, तार षड्जावर, 'सू' आला. गाऊन पाहा: 'ऊ'साठी ओठ मिटत येतात आणि साठीतल्या गळ्याला तिथेच सर्वात जास्त जागा हवी असते. म्हणून:

९–१२ : ग – ग ग / पा ऽ य थ
१३–१६ : प प सां ध / क ले ऽ ऽ
× १–४ : सां – ध सां / गा ऽ णे न
५–८ : रें सां ध प / थ क ले ऽ

'सूर' जाऊन 'गाणे' आलं, तार षड्जावर 'गा' मोकळा बसला. अर्थ थोडा बदलला, बिघडला नाही. 'थकले' दोनदा आलं तेही बरंच झालं, एक पायांसाठी आणि एक गाण्यासाठी.

अंतऱ्याची दुसरी ओळ लिहिताना शेवटच्या चार मात्रा आधी ठरवा. मुखडा गंधारावरून उठतो, तेव्हा अंतरा संपताना रिषभ-षड्जाजवळ उतरलेला हवा. पुष्कळ रचनांत अंतरा वर तार सप्तकातच संपतो आणि गायकाला मुखड्यावर उडी मारावी लागते. वहीत ही चूक दिसत नाही, गाताना लगेच कळते.

## टप्पा ८ : स्वरलिपी लिहा

भातखंडे पद्धत वापरा, वाचणारे जास्त आहेत. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्रासाठी खाली टिंब, तारासाठी वर टिंब. एका मात्रेत दोन स्वर असतील तर खाली कंस. समेला ×, खालीला ०, टाळ्यांना आकडे. स्वर लांबला तर आडवी रेघ, अक्षर लांबलं तर अवग्रह.

हातानेच लिहा. संगणकावर कोमलाची रेघ आणि मंद्राचं टिंब फाँट बदलला की उडून जातात आणि कोमल निषाद शुद्ध होऊन छापला जातो. छापायची वेळ आली तर हाताने लिहिलेल्या स्वच्छ पानाचं स्कॅन वापरा.

वर डाव्या कोपऱ्यात राग, ताल, लय आणि रचल्याची तारीख. तारीख विसरू नका, टप्पा १० मध्ये लागेल.

तपासा: पान स्वरलिपी वाचता येणाऱ्या कोणाला द्या, चाल गाऊन दाखवू नका. त्यानं वाचून गायलेलं तुमच्या मनातल्या चालीपासून जिथे सरकतं, तिथे लिपी चुकली.

## टप्पा ९ : दुसऱ्याच्या गळ्यात

इथे धीर लागतो. शिकणारी एखादी मुलगी, एखादा मुलगा शोधा, मध्यमा-विशारदच्या आसपासचा. तुमच्यापेक्षा चांगला गाणारा गवई नको. तो तुमच्या बंदिशीतली खोट आपल्या तयारीनं झाकून टाकतो. शिकाऊ गळा झाकत नाही.

बंदिश शिकवा आणि पंधरा दिवस काहीही सुचवू नका. मग ऐका. एक ठरावीक गोष्ट घडते: विद्यार्थी दोन-तीन जागा आपोआप बदलतो. 'ग प ध प' ऐवजी 'ग प ध सां ध प' म्हणतो, किंवा 'जुनी' एक मात्रा उशिरा घेतो. 'असं नाही ग, नीट म्हण' म्हणायची घाई करू नका. निम्म्या वेळा तो बदल चांगला असतो, कारण गळ्यानं सोपी वाट शोधलेली असते. उरलेल्या निम्म्यात राग सुटलेला असतो. तिथे तुमची ओळ रागाला पुरेशी बांधून ठेवत नव्हती. दोन्ही तुमच्या उपयोगाचं.

मग तबलजीला बोलवा. त्याचं म्हणणं गवयापेक्षा नेमकं असतं. 'काका, तेराव्या मात्रेला रिकामं वाटतंय, उठाण घेऊ का?' असं तो विचारतो तेव्हा त्याला तुमच्या रचनेतलं वजन कुठे पडतंय ते कळलेलं असतं.

नातेवाईकांना ऐकवू नका. त्यांना सगळं आवडतं.

तपासा: महिन्यानं, न सांगता, त्या विद्यार्थ्याला तीच बंदिश म्हणायला सांगा. मुखडा आठवत असेल तर बंदिश टिकली. आठवत नसेल तर फाडू नका, सहा महिने मिटून ठेवा.

## टप्पा १० : मुद्रा आणि हक्क

ख्यालाचे जुने रचनाकार सदारंग यांच्यापासून चालत आलेली रीत: रचनाकार शब्दांत स्वतःची मुद्रा, म्हणजे टोपणनाव गुंफतो. जगन्नाथबुवा पुरोहितांची 'गुणिदास', फैयाज खाँसाहेबांची 'प्रेमपिया'. तुम्हीही ठेवा, पण तीन-चार मात्रांत बसणारी. कोणाची आधीच आहे का ते शोधा. पहिल्या पाच बंदिशींत मुद्रा नसली तर काही बिघडत नाही; ओढूनताणून बसवलेली मुद्रा अंतऱ्याची शेवटची ओळ हमखास बिघडवते.

कायद्याचं थोडक्यात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात राग किंवा ताल कोणाच्या मालकीचा नाही. तुमची विशिष्ट चाल, तिची स्वरलिपी धरून, 'सांगीतिक कृती' आहे आणि शब्द ही वेगळी 'साहित्यकृती'. म्हणून नोंदणीचे अर्ज दोन. नोंदणी सक्तीची नाही, हक्क रचल्याबरोबर मिळतो. पण वाद झाला तर तारखेचा पुरावा हाती असतो. शुल्क प्रत्येक कृतीला ५०० रुपये, अर्ज ऑनलाइन, आणि हरकतींसाठी ३० दिवसांची वाट पाहावी लागते. पन्नास बंदिशींना पन्नास अर्ज करू नका. टप्पा ९ पार केलेल्या, बाहेर जाणाऱ्या बंदिशींचेच करा.

उलट बाजूही पाहा. हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली गेले, त्यांच्या रचनांची मुदत संपली. कुमार गंधर्व १९९२ साली गेले, त्यांची चाल घेऊन शब्द बदललेत तर ती तुमची बंदिश होत नाही आणि कायद्यातही सापडाल. नकळत उचललेल्या चालीही निघतात. टप्पा ३ मधली पंचवीस पानं शेजारी ठेवून ताडून पाहा.

सावधान: कोणी ध्वनिमुद्रणासाठी 'सगळे हक्क द्या' असा कागद पुढे केला तर सही घरी आणून, वाचून करा. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरतो. 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे शब्द म्हणूनच घातलेले असतात.

## टप्पा ११ : काम आणि पैसा

सरळ सांगतो: ख्यालाच्या बंदिशीला सहसा कोणी पैसे देत नाही. पेन्शन चालू आहे म्हणून हा व्यवसाय करता येतो. पैसे येतात ते आजूबाजूच्या कामातून, आणि त्या कामाला बंदिशकाराची शिस्त असलेला माणूस हवाच असतो.

कथक-भरतनाट्यमच्या वर्गांना वंदना, तराणे, ठरावीक आवर्तनांच्या रचना लागतात. वार्षिक कार्यक्रमाच्या आधी तीन-चार महिने नृत्यगुरूंना भेटा, आदल्या आठवड्यात नव्हे. महाविद्यालयांना युवा महोत्सवासाठी समूहगीतं हवी असतात. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या हौशी संस्थांना संगीत देणारा माणूस लागतो आणि संगीत नाटकाची स्पर्धा वेगळी असते. भजनी मंडळांना अभंगांच्या नव्या चाली हव्या असतात; तिथे मानधन किरकोळ, पण चाल गावोगाव जाते. संगीतशिक्षकांना परीक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी झपताल-रूपकातल्या सोप्या बंदिशी कमी पडतात. रूपकात करताना सम खालीवरच असते हे लक्षात ठेवा, समेवरचं वजन त्या मानानं हलकं ठेवा.

इंटरनेटवर टाकणार असाल तर उतरवून घेतलेला तानपुरा-तबल्याचा ट्रॅक मागे लावू नका, तो दुसऱ्याच्या मालकीचा असतो. तबलजीला मानधन देऊन खरी साथ ध्वनिमुद्रित करा. आणि गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस पेठांत राहणाऱ्यांनी ध्वनिमुद्रणाचा विचार सोडावा. ढोलाचा सराव खिडकी बंद करूनही आत येतो. पहाटे पाच ते सात हीच वेळ.

मानधन कामाआधी ठरवा, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना लिहून घ्या: किती रचना, किती तालमींना हजर राहायचं, ध्वनिमुद्रण धरून की वेगळं, कार्यक्रमपत्रिकेत नाव कुठे. 'आपलीच माणसं आहेत' म्हणून न ठरवलेलं मानधन शेवटी शाल होऊन येतं. काही संस्था मानधनातून दहा टक्के टीडीएस कापतात. तो तुमच्या पॅनवर जमा दिसतो का ते आयकर पोर्टलवर पाहा. हे उत्पन्न सुरू झालं की फक्त पेन्शनवाल्यांचा 'सहज' फॉर्म चालत नाही, कारण ते व्यवसायाचं उत्पन्न धरलं जातं. तबलजीचं मानधन, तानपुऱ्याची दुरुस्ती, ध्वनिमुद्रणाचं भाडं यांच्या पावत्या पहिल्या दिवसापासून एका पाकिटात टाका आणि जूनमध्ये पाकीट तसंच सीएच्या हातात द्या.